स्नो, मुठेल आणि कागदावरचा डाग

'स्नो' म्हणजे तोंडाला लावायचं क्रीम, हे हल्ली सांगावं लागतं. साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारून बघा, 'स्नो-पावडर' हा त्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, मीठ-मिरचीसारखा. स्नो-पावडर झाली की बाई बाहेर पडायला तयार. पुढे 'स्नो' गेला आणि 'क्रीम' आलं, 'व्हॅनिशिंग' गेलं आणि 'मॉइश्चरायझर' आलं. बाटलीत मात्र पूर्वीही मुख्यतः पाणीच होतं आणि आजही पाणीच आहे.

मला हे सगळं उकरून काढायचं कारण आई. ती आता एकोणऐंशीची आहे, आणि गेली दोन वर्षं तिच्या हातांची कातडी इतकी कोरडी पडते की थंडीत बोटांच्या पेरांना चिरा जातात, त्यातून रक्त येतं. डॉक्टरांनी सांगितलं, काहीही स्निग्ध लावा, पण दिवसातून चार-पाच वेळा लावा. घरात खोबरेल आहे, तूप आहे, व्हॅसलीन आहे. आई यातलं काहीच लावत नाही. का? तर "ओशट होतं." बस्स, एवढंच कारण. चिरा चालतील, ओशट चालणार नाही!

तेव्हा औषध काय लावायचं हा प्रश्नच नव्हता. ते हाताला लागतं कसं, हा होता. क्रीमचा पोत म्हणजे निव्वळ चैन, वरवरची गोष्ट, असं मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. गेल्या हिवाळ्यापासून घरी वाटी-वाटी क्रीम फेटताना आणि फावल्या वेळात त्याविषयी वाचताना लक्षात आलं की क्रीमचा सगळा इतिहास म्हणजे या 'ओशट'पणाशी चाललेलं भांडण आहे.

सुरुवात बहुतेक पुस्तकं गॅलनपासून करतात. गॅलन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य, जन्म इ.स. १२९ च्या सुमाराचा, गाव पेर्गामॉन (आजच्या तुर्कस्तानातलं बेर्गामा), नाव कमावलं रोममध्ये. कोल्ड क्रीमचं श्रेय त्याला देतात. कृती अगदी सोपी आहे: गुलाबाची फुलं मुरवलेल्या तेलात मधमाशीचं मेण वितळवायचं, गार होऊ द्यायचं, आणि मग त्यात मावेल तितकं पाणी थोडं थोडं घालत फेटत राहायचं. मेण घट्ट, तेल पातळ, म्हणून दोन्ही मिळून लोण्यासारखं होतं. पाणी कशाला? तर लावल्यावर ते उडून जातं आणि कातडीला गार वाटतं. 'कोल्ड' ते त्यामुळे, थंडीत लावायचं म्हणून नव्हे. (आपल्याकडे मात्र हिवाळ्यात लावायचं ते कोल्ड क्रीम असाच अर्थ पक्का झालाय आणि आता तो बदलणार नाही.)

अडचण अशी की या मिश्रणात तेल आणि पाणी यांना धरून ठेवणारं तिसरं कुणी जवळजवळ नाही. फेटताना पाण्याचे थेंब मेणात अडकतात, पण ते अडकलेले असतात, नांदत नसतात. दोन-चार दिवसांत डबीच्या कडेने पाणी सुटायला लागतं. म्हणून हे कोल्ड क्रीम शतकानुशतकं औषधवाल्याकडून ताजं करून घ्यायची चीज राहिलं.

हे वाचताना मला आपलं शतधौत घृत आठवलं. चरकसंहितेत दाह आणि विसर्पासारख्या त्वचेच्या विकारांवर शंभर वेळा धुतलेल्या तुपाचा लेप सांगितला आहे. गाईचं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, त्यात पाणी घालून तळहाताने घोटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं घालायचं. असं शंभरदा. मी एका रविवारी केलं. मोजायला चिंचोके ठेवले होते, कारण मध्ये फोन आला तर आकडा हरवतो. पहिली वीसेक पाणी होईपर्यंत काहीच घडत नाही, तूप आपलं निसटत राहतं. चाळिशीच्या आसपास पिवळा रंग उतरायला लागतो. सत्तरीनंतर ते पांढरं, हलकं, खरवसासारखं थरथरतं होतं, आणि तुपाचा वास जवळजवळ जातो. मूळ तूप रवाळ होतं, हे मात्र बोटाला एकही कण लागू देत नाही. जिन्नस एकच, वरून काही घातलेलं नाही. शंभर वेळा चोळून रवा मोडला आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब तुपात अडकून बसले, एवढंच.

रोममध्ये मेण आणि गुलाबतेल, इथे तूप आणि परात. दोन्हीकडे यंत्र एकच, माणसाचं मनगट. आणि दोन्हीकडे खटाटोप कशासाठी, तर नुसतं तेल किंवा तूप फासण्यापेक्षा हाताला बरं लागावं म्हणून. आईने शतधौत घृत दोन दिवस कौतुकाने लावलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "छान आहे गं, पण शेवटी तूपच ते."

आमच्या आजीला हे सोपस्कार कधीच लागले नाहीत. ती राजापूरकडची, तिच्याकडे मुठेल असायचं. घाटावरच्या मंडळींसाठी सांगते: कोकमाच्या बिया वाळवून फोडायच्या, आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगतं ते काढून घ्यायचं. गार होताना थिजायला लागलं की मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. मूठ म्हणून मुठेल. पांढरट करडा, साबणाच्या वडीसारखा टणक गोळा. थंडीत टाचांना भेगा पडल्या की तो चुलीजवळ धरायचा, पातळ होऊन सुटला की भेगांत भरायचा आणि झोपून जायचं. दर मे महिन्यात आजी कुणा ना कुणाबरोबर साताऱ्याला चार-पाच गोळे पाठवायची आणि दर वर्षी त्यातले तीन-चार आमच्या कपाटात तसेच पडून राहायचे.

मुठेल इतकं टणक का, याचं उत्तर त्याच्या स्निग्धांशात आहे. त्यातला निम्म्याहून जास्त भाग स्टिअरिक आम्लाचा असतो आणि ते साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. आपल्या कातडीचं तापमान त्याहून कमी. म्हणून खोबरेलासारखं ते हातावर आपोआप पाघळत नाही, त्याला आच दाखवावी लागते. स्टिअरिक हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे भलत्याच ठिकाणी भेटणार आहे.

आता युरोपात परत. गॅलनच्या क्रीममध्ये पुढची कित्येक शतकं फुटकळ बदल होत राहिले. ऑलिव्हच्या जागी बदामाचं तेल आलं, गुलाबपाणी आलं, आणि स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यात सापडणारं स्पर्मासेटी नावाचं पांढरंशुभ्र मेण आलं. मधमाशीच्या मेणाने येणारा चिकटपणा त्याने कमी होत असे. एका क्रीमच्या मऊपणासाठी देवमासा! (हे मेण दिव्यांसाठी आणि मेणबत्त्यांसाठीही लागायचं, त्यामुळे सगळा दोष बायकांच्या गालांवर टाकू नये.)

खरा बदल झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तो एका चिमटीभर पुडीने केला. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. मधमाशीच्या मेणात काही आम्लं मोकळी असतात. पाण्यात टाकणखार विरघळवून ते गरम पाणी वितळलेल्या मेण-तेलात ओतलं की त्या आम्लांचा तिथल्या तिथे साबण होतो. साबणाचं एक टोक तेलात रमतं, दुसरं पाण्यात, म्हणून तो दोघांना धरून ठेवतो. हेच ते तिसरं माणूस, जे गॅलनकडे नव्हतं. क्रीम एकदम पांढरं, घट्ट, चकचकीत झालं आणि महिनोन् महिने टिकायला लागलं.

यातलं प्रमाण मोठं नाजूक असतं. मेणाच्या साधारण वीसाव्या भागाइतका टाकणखार पुरतो. कमी पडला तर क्रीम निस्तेज, भरड होतं आणि पाणी सोडतं. जास्त झाला तर काही दिवसांनी आत खडे धरतात आणि लावताना बारीक वाळूसारखे टोचतात. अळणी आणि खारट यांच्यामधली ही जागा स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही लगेच समजेल. मी स्वतः टाकणखार वापरत नाही, कारण प्रजननावर त्याचे परिणाम होऊ शकतात म्हणून युरोपात सौंदर्यप्रसाधनांत त्याला आता मनाई आहे. पण साबण तिथल्या तिथे तयार करायची ती युक्ती मला फार आवडली.

एवढं होऊनही कोल्ड क्रीम ओशट ते ओशटच. त्यात निम्म्याहून जास्त तेल आणि मेण. रात्री चोपडून झोपावं, नाहीतर चेहरा पुसायला वापरावं. दिवसा ते लावून चारचौघांत जायचं तर तोंड तुकतुकीत दिसणार आणि वरची पावडर गाळ बसल्यासारखी होणार.

इथे मेणबत्तीवाले येतात. मिशेल शेव्हरूल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होता. १७८६ ला जन्मला, १८८९ ला गेला, म्हणजे चांगला १०२ वर्षं जगला. त्याने चरबी म्हणजे नक्की काय असतं ते शोधून काढलं आणि तिच्यातून जी आम्लं वेगळी केली त्यातलं एक म्हणजे आपलं स्टिअरिक. १८२५ मध्ये त्याने आणि गे-ल्युसॅकने या आम्लांच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. साध्या चरबीच्या मेणबत्त्या धूर करायच्या, वास मारायच्या, उन्हाळ्यात वाकायच्या. स्टिअरिकच्या ताठ उभ्या राहिल्या. मेणबत्त्यांचे कारखाने निघाले आणि हे पांढरं, कडक, बिनवासाचं आम्ल स्वस्तात मिळायला लागलं.

त्याचंच क्रीम झालं. स्टिअरिक आम्ल शंभरात पंधरा-वीस भाग घ्यायचं, वितळवायचं. त्यातल्या जेमतेम पाचव्या हिश्शाचा पोटॅशने साबण करायचा, बाकीचं तसंच ठेवायचं. थोडं ग्लिसरीन. उरलेलं सगळं पाणी, शंभरात सत्तर भाग. तेल जवळजवळ नाहीच. हातावर चोळलं की पाणी उडून जातं आणि मागे स्टिअरिकचा इतका पातळ, कोरडा पापुद्रा उरतो की तो दिसत नाही. क्रीम 'नाहीसं' होतं, म्हणून ते व्हॅनिशिंग क्रीम. पोटॅशऐवजी सोडा वापरला तर घट्ट होतं, म्हणून पोटॅशच बरा. आणि एक मजेदार गोष्ट अशी की हे क्रीम केल्या दिवशी साधं पांढरं दिसतं. चार दिवस, आठवडा, कधी त्याहून जास्त ठेवलं की आत स्टिअरिकचे बारीक चपटे स्फटिक धरतात आणि त्याला मोत्याची झाक येते. ती झाक म्हणजेच 'स्नो'.

लंडनच्या बरोज वेलकम कंपनीने १८९२ मध्ये 'हेझलीन स्नो' काढला. त्यात विच हेझल नावाच्या झुडपाचा अर्क असे. अमेरिकेत पाँड्सनेही व्हॅनिशिंग क्रीम आणलं, आणि १९१० च्या दशकात त्यांच्या जाहिरातवाल्यांनी एक नामी कल्पना लढवली: बाईला एक क्रीम पुरत नाही, दिवसाचं व्हॅनिशिंग वेगळं आणि रात्रीचं कोल्ड वेगळं. दोन्ही अर्थात त्यांचीच. १९११ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला निव्हिया निघालं. ते मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्धापासून काढलेल्या एका पदार्थावर उभं होतं. हा पदार्थ पाणी असं धरून ठेवतो की सोडता सोडत नाही. निव्हिया हे नाव लॅटिनमधल्या बर्फाच्या शब्दावरून घेतलेलं. जिकडे तिकडे बर्फ!

आणि मग मुंबईत 'अफगाण स्नो'. राजस्थानातून मुंबईत आलेल्या इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ मध्ये तो बाजारात आणला. भायखळ्याला राणीच्या बागेजवळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. नावाची गोष्ट अशी सांगतात की अफगाणिस्तानच्या राजाला ती पांढरी बाटली दाखवली, तेव्हा त्याला आपल्या देशातल्या बर्फाची आठवण झाली. गोष्ट गोड आहे, पण सालं बघितली की मी जरा अडखळते. १९१९ च्या मे ते ऑगस्टमध्ये इंग्रज आणि अफगाण यांचं युद्ध चाललं होतं. राजा अमानुल्ला मुंबईला आला तो डिसेंबर १९२७ मध्ये, युरोपच्या दौऱ्यावर निघताना. तेव्हा एक तर नाव मागाहून पडलं, नाहीतर गोष्ट मागाहून रचली गेली. मला दुसरंच जास्त शक्य वाटतं. हेझलीनचा स्नो आधीपासून बाजारात होताच, आणि आपल्या माणसाला आपला बर्फ हवा होता.

कलकत्त्यात १९२९ मध्ये गौरमोहन दत्तांनी बोरोलीन काढलं. त्याची तऱ्हा अगदी उलटी. बोरिक, झिंक ऑक्साइड आणि तेच लोकरीचं लॅनोलिन. चिकट म्हणजे किती चिकट! ते कुणी 'नाहीसं' करायचा प्रयत्न केला नाही आणि तरी ते आजतागायत खपतं आहे. बंगाली माणसाला ओशटपणाचं वावडं नसावं, किंवा औषध म्हणून घेतलं की माणूस काहीही सहन करतो.

आता आईकडे. आई १९६८ मध्ये साताऱ्याच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली. खडू बोटांतलं होतं नव्हतं तेवढं तेल शोषून घेतो. घरी आल्यावर भांडी, धुणं, राखेने घासणं. हात तेव्हापासूनच वाईट. कपाटात आजीचे मुठेलाचे गोळे पडलेले, आणि आई मात्र पगारातून स्नोची बाटली आणायची. आजीला याचा भयंकर राग. एक तर पैसे घालवायचे, त्यात ती कुठल्या चरबीची वस्तू कोण जाणे. (आजीचा संशय अगदीच निराधार नव्हता. स्टिअरिक आम्ल तेव्हा बरंचसं गुरांच्या चरबीतून येई, हल्ली ते मुख्यतः पाम तेलातून येतं.) लहानपणी मला वाटायचं आई नटवी आहे म्हणून स्नो लावते. घरातल्या सगळ्यांनाच तसं वाटायचं आणि ते तिला ऐकवलंही जायचं.

या हिवाळ्यात मी तिला सरळ विचारलं. म्हणाली, "अगं, वह्या तपासायच्या असायच्या ना. मुठेल लावून हात टेकला की पानाला डाग. एकदा एका मुलाच्या सबंध पेपरावर माझी बोटं उमटली होती. तेल लावून आलेली मास्तरीण असं मुलं म्हणणार. स्नोचा डाग पडत नाही."

मी हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. क्रीमच्या इतिहासाबद्दल मी जे वाचलं त्यात गोरेपणा आहे, जाहिराती आहेत, नट्या आहेत. कागद कुठे नाही. पण विचार करून पाहा, व्हॅनिशिंग क्रीमचा काळ आणि बायका शाळेत, कचेरीत, टाइपरायटरपुढे, टेलिफोन एक्सचेंजमध्ये जाऊन बसल्या तो काळ एकच आहे. चुलीपुढच्या बाईचा हात ओशट असला तर कुणाचं काय बिघडतं? तिचे हात दिवसभर तेलातच असतात. कागद, फाईल, कापड, नोटा मोजणारीला मात्र कोरडा हात लागतो. माझ्या मते 'नाहीसं होणारं' क्रीम जितकं आरशासाठी होतं तितकंच कागदासाठी होतं. हा माझा तर्क आहे, पण तो मला आईच्या बोटांवर वाचता येतो.

तिला मी तसं म्हटलंही. म्हटलं, म्हणजे तू गोरं व्हायला लावत नव्हतीस. तर हसली. "थोडं गोरं व्हायला पण लावायचो गं. सगळ्याच लावायच्या." आई सावळी आहे आणि लग्नाच्या वेळी त्यावरून काय काय बोललं गेलं ते आमच्या नातेवाइकांना माहीत आहे, इथे परत नको. स्नोचा पांढरा पापुद्रा आणि वर पावडर, यात रंग तेवढ्यापुरता उजळ दिसतो. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आलं तेही याच व्हॅनिशिंग क्रीमच्या पायावर. २०२० मध्ये त्याच्या नावातलं 'फेअर' गेलं. पंचेचाळीस वर्षं लागली.

पण खरी फसवणूक मला दुसरीकडेच वाटते, आणि ती कुणी मुद्दाम केलेली नाही. कोरड्या कातडीला गरज असते ती आतलं पाणी उडू न देणाऱ्या थराची, म्हणजे नेमकी त्या ओशटपणाची. कोल्ड क्रीम ते करतं, मुठेल ते करतं. स्नोमध्ये तेच काढून टाकलेलं. लावताना गार वाटतं, मऊ वाटतं, आणि तासाभराने हात होता तसा. थोडं ग्लिसरीन असतं त्याचा उपयोग होतो, पण चिरा भरण्याइतका नाही. आईने हातावर तीसेक वर्षं स्नो लावला आणि तिचे हात कधीच बरे झाले नाहीत. कपाटातला गोळा आणि बाटलीतला स्नो, दोन्हींत स्टिअरिकच. एकात ते तेलाच्या रूपात बांधलेलं, म्हणून उपयोगी आणि ओशट. दुसऱ्यात सुटं, म्हणून कोरडं आणि सभ्य.

म्हणून मी मधली वाट शोधते आहे. मुठेल ठेवायचं आणि डाग घालवायचा. १९४९ मध्ये ग्रिफिन नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने तेल-पाणी जुळवणाऱ्या पदार्थांना आकडे देण्याची पद्धत काढली, त्यामुळे आता हे काम पूर्वीइतकं आंधळं राहिलेलं नाही. असे पदार्थ वजनावर विकत मिळतात. माझं सध्याचं शंभर ग्रॅमचं माप असं आहे: पाणी एकाहत्तर, ग्लिसरीन चार, मुठेल सहा, बदामाचं तेल सात, स्टिअरिक पाच, इमल्सिफाइंग वॅक्स सहा आणि बुरशी धरू नये म्हणून विकतचं प्रिझर्व्हेटिव्ह एक. पाणी असलेली कुठलीही गोष्ट प्रिझर्व्हेटिव्हशिवाय आठ दिवसांत नासते, 'नैसर्गिक' म्हणून तो धोका पत्करू नका. तेलांचं भांडं आणि पाण्याचं भांडं दोन्ही सत्तर-पंचाहत्तर अंशांवर आणायची, एकात एक ओतायचं आणि गार होईपर्यंत फेटायचं.

यातली गार करायची पायरी सगळ्यात महत्त्वाची. आपण तूप कढवून हळूहळू थिजू देतो, कारण आपल्याला ते रवाळ हवं असतं. मुठेलाचंही तेच होतं, सावकाश गार झालं की रवा धरतो आणि क्रीम हाताला कणीदार लागतं. म्हणून भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून भराभर गार करायचं, चमचा थांबू द्यायचा नाही. ग्लिसरीन सातवर नेलं तर हात चिपचिपतात, दोनवर आणलं तर गुण कमी. स्टिअरिक वाढवलं तर चोळताना पांढऱ्या रेघा उमटतात, कमी केलं तर क्रीम ओघळतं. एका वेळी एकच आकडा हलवायचा आणि वहीत लिहून ठेवायचं. माझ्या वहीत आता सतरा खेपांची नोंद आहे.

परीक्षा आईनेच ठरवली. क्रीम लावायचं, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं आणि तळहात वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दाबायचा. मग कागद खिडकीत उजेडाकडे धरायचा. नवव्या खेपेपर्यंत सबंध पंजा पारदर्शक उमटत होता. चौदाव्या खेपेला फक्त अंगठ्याखालचा उंचवटा आणि दोन पेरं. सतराव्याला काही नाही. आईने कागद दोनदा उलटसुलट केला, चष्मा पुसला, परत बघितलं. त्यानंतर ते क्रीम तिच्या शब्दकोड्यांच्या पुस्तकाजवळ गेलं आणि आता ती न सांगता लावते. चिरा पूर्ण भरल्या नाहीत, पण रक्त येणं थांबलं आहे.

तक्रार आहेच. परवा बाटली हलवून म्हणाली, "याला मोत्याची झाक नाही आली." मी समजावलं की त्यासाठी स्टिअरिक पंधराच्या वर न्यावं लागेल, मग मुठेल कमी करावं लागेल, आणि मग तो तुझा जुना स्नोच होईल, हात परत फाटतील. ती थोडा विचार करून म्हणाली, "मग दोन कर. एक दिवसाचं, एक रात्रीचं."